गावच्या कामाला एआय लावायचंय? आधी वही काढा

सकाळी सात वाजता शेजारच्या काकांचा फोन. "अबे, तुहा मोबाईल म्हणते माह्या वावरात तीन दिवसांपासून नऊ-नऊ पतंग निघून राह्यले, मी चाललो कृषी केंद्रात." मी म्हटलं काका थांबा, दहा मिनिटं द्या, मी वावरात जाऊन येतो. गेलो, कापसावरच्या बोंडअळीचे पतंग पकडायला लावलेल्या सापळ्याची पन्नी सोडली, आत एक पतंग. वहीत पाहिलं तं तिन्ही दिवस १ च लिहिलेला. झालं असं होतं की आदल्या रात्री मी वहीच्या पानाचा फोटो काढून चॅटबॉटला (चॅटजीपीटीसारख्या, प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्या एआयला) दिला होता आणि त्याने आपल्या मराठी एकाला इंग्रजी नऊ वाचलं, दोघं दिसायला जुळे भाऊ, त्याला तरी काय म्हणा, आणि मी येडा तो तक्ता न पाहता तसाच ग्रुपवर टाकून झोपलो. काकांचे हजार-दीड हजार आणि एक फवारा फुकट जाता जाता राहिला.

तर हा लेख त्या पोट्ट्या-पोट्टींसाठी आहे ज्यांच्याकडे फोन आहे, गावासाठी काही करावंसं वाटते, आणि एआय एआय ऐकून डोकं भनभनलंय पण सुरुवात कुठून करायची ते समजत नाही. शाश्वत विकास वगैरे मोठे शब्द भाषणात ऐकतो आपण. आमच्या राळेगावकडच्या कोरडवाहू गावात त्याचा अर्थ एवढाच की गरज नसलेला फवारा मारायचा नाही, विहिरीचं पाणी मार्चपर्यंत पुरवायचं आणि ऑफिसात दिलेला अर्ज परत येऊ द्यायचा नाही.

मोठी कामं मोठे लोक करून राह्यले, ते माहीत असू द्या. पेंचच्या जंगलात उंचावर कॅमेरा लावून धुरावरून वणवा ओळखायची सिस्टीम बसवली आहे, ताडोब्याच्या बफरमधल्या सीतारामपेठला वाघ गावाकडे आला की इशारा देणारे कॅमेरे लावले, नागपूरजवळचं सातनवरी ऑगस्ट २०२५ मध्ये स्मार्ट गाव म्हणून जाहीर झालं, आणि राज्य सरकारने शेतीतल्या एआयचं धोरण त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींचं. चांगलं आहे. पण तुमच्या-माझ्या हाती त्यातलं काही नाही, आपल्या हाती फोन आहे, तेवढ्यात काय होते ते सांगतो.

काम एकच धरा

गावात प्रॉब्लेम पन्नास असतात, तुम्ही एक धरा आणि तोही असा की ज्यात मोजता येण्यासारखं काहीतरी आहे. "गावाचा विकास कसा करावा" हे चॅटबॉटला विचारलं तं तो दहा मुद्दे देईल, झाडं लावा, जनजागृती करा, महिलांना सक्षम करा, सगळे बरोबर आणि एकही कामाचा नाही, कारण त्याला तुमचं गाव माहीतच नाही. त्याला पाच वावरांतले सात दिवसांचे आकडे द्या, मग तो माणसात येते.

आम्ही गुलाबी बोंडअळी धरली. २०१७ चा हंगाम ज्याने यवतमाळ जिल्ह्यात पाहिला त्याला वेगळं सांगायला नको, त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसेक माणसं गेली. म्हणून आमच्यासाठी "फवारायचं की नाही" हा प्रश्न पैशाचा जेवढा आहे तेवढाच जिवाचा पण आहे.

वही

एआयच्या आधीचं काम हेच, आणि नव्वद टक्के मेहनत इथेच आहे, हे कोणी सांगत नाही.

एकरी दोन कामगंध सापळे. आत वासाची गोळी असते, ल्युर म्हणतात, मादी पतंगाच्या वासाची, त्या वासाने नर येऊन पन्नीत पडतात. दुकानात मागताना गुलाबी बोंडअळीचंच ल्युर मागा, हरभऱ्यावरच्या हिरव्या अळीचं वेगळं असते आणि घाईत दुकानदार कोणतंही बांधून देते, आमच्या एका दोस्ताने पंधरा दिवस भलतेच पतंग मोजले. रोज सकाळी पन्नी उघडायची, मोजायचं, लिहायचं, पन्नी रिकामी करायची. रिकामी नाही केली तं कालचे पतंग आज परत मोजल्या जातात.

नियम सोपा आहे आणि तो एआयने नाही, कापूस संशोधनवाल्यांनी सांगितलेला आहे: एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग, सलग ३ दिवस, तर समजायचं अळी नुकसानीच्या पातळीवर आली. त्याच्या जोडीला वावरात फिरून वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं तोडायची, फोडून पाहायची, २ बोंडांत जिती अळी दिसली तरी तीच पातळी. डोमकळी, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेलं फूल, दिसली तं तीही मोजा, शंभर फुलांत दहा झाली की तोच इशारा.

वहीत रकाने असे आखा: तारीख, वावर नंबर, सापळा नंबर, पतंग किती, कोणी मोजले. नाव कास्तकाराचं लिहू नका, नंबर द्या, त्याचं कारण पुढे येते. "कोणी मोजले" हा रकाना बारीक वाटते पण फार कामाचा, आमच्या इथे एका पोट्ट्याचे आकडे रोज ३, ३, ३, ३ यायचे, विचारलं तं म्हणे भाऊ मी गाडीवरूनच पाहतो. त्याला मग काढलं नाही, गाडी ठेवून जायला लावलं.

कॉटनएस नावाचं एक ॲप आहे, वाधवानी एआय नावाच्या मुंबईच्या संस्थेने बनवलेलं, त्यात सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढला की ते मोजते आणि सल्ला देते. वापरून पाहा. माझं मत विचाराल तं पाच-सात पतंग मोजायला मला ॲप लागत नाही, मला ॲप लागते ते बारा सापळ्यांचे महिनाभराचे आकडे एकत्र बांधायला, आणि त्यासाठी साधा फुकटातला चॅटबॉट पुरते. चॅटजीपीटी घ्या, जेमिनी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपमधला तो निळा गोल घ्या, सुरुवातीला फरक पडत नाही.

त्याला सांगायचं कसं

मराठीत टाइप करा, नाही तं कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, वऱ्हाडी पण बऱ्यापैकी समजते त्याला, फक्त "पऱ्हाटी"चं कधी काय करील सांगता येत नाही, तिथे कापूस म्हणा. मी सध्या जे पाठवतो ते जसंच्या तसं देतो:

"खाली आमच्या गावच्या ६ वावरांतल्या सापळ्यांचे ७ दिवसांचे आकडे आहेत. आधी सगळे आकडे तक्त्यात जसेच्या तसे लिहून दाखव. एखादा आकडा वाचता येत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज करू नको. मग कोणत्या सापळ्यात सलग ३ दिवस ८ किंवा जास्त पतंग आहेत तेवढं सांग. दोन सापळ्यांची बेरीज करू नको. औषध सुचवू नको."

प्रत्येक वाक्यामागे एकेक ठेच आहे. "बेरीज करू नको" का, तर एकदा त्याने एका वावरातले दोन सापळे मिळून ५ आणि ४ असे ९ केले आणि धोका म्हणून लाल करून दिले. "अंदाज करू नको" का, तर पावसाने ओल्या झालेल्या पानावर जिथे शाई पसरली होती तिथे त्याने आपल्या मनाने ६ टाकला, आजूबाजूला ५ आणि ७ होते म्हणून. हुशार आहे, पण ही हुशारी आपल्याला नको.

तक्ता आला की लगेच खुश होऊ नका. एकाने वही वाचायची, दुसऱ्याने मोबाईलच्या तक्त्यावर बोट ठेवत "हाव, हाव" म्हणत जायचं, जसं लग्नाचा आहेर लिहिताना दोघं बसतात तसं. पाच मिनिटं लागतात. नऊच्या भानगडीनंतर आम्ही हे कधी चुकवलं नाही, आणि आता वहीत आकडे सगळे इंग्रजीत लिहितो.

शेवटी त्याच्याकडूनच ग्रुपसाठी चार ओळींचा मेसेज करून घ्यायचा. इथे मात्र तो मस्त काम करते. "वावर नंबर ४ मध्ये पातळी ओलांडली, बाकी पाच ठिकाणी फवारायची गरज नाही" एवढं साधं वाक्य, पण गावात एकाने पंप पाठीवर घेतला की दहा जण घेतात हे तुम्हाला माहीत आहे, त्या दहांतले सहा जरी थांबले तरी खूप झालं.

औषध मोबाईलला विचारायचं नाही

हे वेगळं लिहितो कारण यात जीव आहे. मी एकदा मुद्दाम विचारून पाहिलं, एका औषधाचं पंपाला किती घ्यायचं. त्याने छातीठोक आकडा दिला. डब्याच्या कागदावर पाहिलं तं प्रमाण एकराला होतं आणि याने तेच एका पंपाला धरलं होतं. आता विचार करा एखाद्याने तेवढं ओतलं असतं तं.

औषध, प्रमाण, दोन औषधं मिसळायची की नाही, हे विचारायचं ते डब्यावरच्या लेबलला, कृषी सहायकाला (आता पदाचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी), कृषी विज्ञान केंद्राला नाही तं किसान कॉल सेंटरला, १८००-१८०-१५५१, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. कृषी विभागाचं महाविस्तार नावाचं ॲप २०२५ मध्ये आलंय, त्यातही मराठीत प्रश्न विचारता येतात आणि ते निदान शेतीच्या माहितीवर बांधलेलं आहे, पण डोसच्या बाबतीत मी त्याच्याही पुढे लेबल ठेवतो. एआयचा एक उपयोग इथे जरूर करा: डब्यातल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांच्या कागदाचा फोटो काढून "यातली खबरदारी आणि विषबाधा झाली तर काय करायचं ते मोठ्या अक्षरात मराठीत लिही" म्हणा, आणि कागदाशी ताडून ते पंपाच्या खोलीत चिकटवा. डब्यावरचा त्रिकोण तर वाचायलाही लागत नाही, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य.

विहिरी

दुसरं काम धरायचं असेल तं हे धरा, यात घाई नाही, वर्षात चारदा मोजायचं आहे. भूजलवाले ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये मोजतात, आपणही तेच महिने धरायचे म्हणजे पुढे त्यांच्या आकड्यांशी जुळवता येते. दोराला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंत किती फूट ते मोजा. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद केली असताना मोजलं तं आकडा खोटा येते, पाणी आपल्या जागेवर यायला वेळ लागते, म्हणून लाइनचं वेळापत्रक पाहून जा. ज्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री असते त्या आठवड्यात सकाळी जाऊन उपयोग नाही, मोटार रात्रभर चाललेली असते.

यात एआय कुठे फसला ते ऐका. ऑक्टोबरात १२ फूट, मार्चमध्ये ३१ फूट असे आकडे दिले तं त्याने लिहून दिलं की गावची पाणीपातळी १९ फुटांनी वाढली, अभिनंदन. आपण काठावरून मोजतो, आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं, हे त्याला सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर माफी मागून सगळं उलटं करून दिलं. फूट की मीटर, एकर की हेक्टर, हे पण दरवेळी लिहायचं.

एक हिशेब स्वतः कागदावर करा, मग त्याच्याकडून करून घ्या, म्हणजे तो कसा चालते ते कळते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तं १०,००० लिटर पाणी होते. गावशिवार ६०० हेक्टर आणि पाऊस ९०० मिलिमीटर धरला तं ५४० कोटी लिटर. आमच्या इथे फळ्यावर हा आकडा लिहिला तेव्हा एक आजी म्हणाली, "एवढं पडते, मंग जाते कुठी?" तोच खरा प्रश्न. किती वाहून गेलं, किती मुरलं, किती उडालं याचे एआय जे टक्के सांगते ते पुस्तकी असतात, तुमच्या मुरमाड जमिनीचे नाहीत, तिथे भूजल कार्यालयातल्या माणसालाच विचारा. पावसाचा आकडा महसूल मंडळाचा मिळते, कृषी विभागाच्या महारेन साईटवर आहे, गावाचा स्वतःचा हवा असेल तं शाळेत पर्जन्यमापक बसवा, पोरं आवडीने वाचतात.

विहिरींचा तक्ता झाला की ग्रामसभेत ठेवा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चारपैकी कधीही. गडचिरोलीतलं मेंढा गाव आठवा, ज्याला २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळाला, तिथे अभ्यास गट आधी विषय समजून घेते आणि निर्णय ग्रामसभा सगळ्यांच्या सहमतीने करते. मोबाईलला मी त्या अभ्यास गटातला एक मेंबर समजतो. चहा पाजा, बोलू द्या, पण हात वर करायचा हक्क त्याला नाही.

अर्ज आणि ठराव

हे एआयचं सगळ्यात सोपं काम, म्हणून थोडक्यात. पांदण रस्त्याचा अर्ज असो, माहिती अधिकाराचा असो, त्याला सगळी हकीकत बोलून सांगा आणि एका पानाचा अर्ज मागा. माहिती अधिकारात प्रश्न सुटे सुटे मागा, "का केलं" असं विचारू नका, "अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या" असं विचारा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फक्त त्याने टाकलेली कलमं आणि जीआर नंबर डोळे झाकून ठेवू नका, नसलेला जीआर पण तो इतक्या रुबाबात लिहिते की बाबूसुद्धा दचकेल. शासनाच्या साईटवर जीआरचा संकेतांक टाकून शोधा, नाही सापडला तं ओळ खोडा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना फोनवरून ऐकवता येते, बचत गटातल्या मावश्यांना हे फार आवडलं, मीटिंगचा वृत्तांत त्या बोलतात आणि फोन लिहिते. पण आमच्या बाजूच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, हे सगळं थांबते. कोलामी त्याला येत नाही. केंद्राचं आदि वाणी नावाचं ॲप सप्टेंबर २०२५ मध्ये आलं, त्यात गोंडी आहे, भिली आहे, कोलामी सुरुवातीला नव्हती. तिथे गावातलीच एक शिकलेली पोट्टी सोबत न्या, ती सांगेल ते लिहा, आणि लिहिलेलं तिच्याकडून त्यांना परत वाचून दाखवा.

काय द्यायचं नाही

आधार नाही, पासबुक नाही, ओटीपी तर नाहीच, दुसऱ्याच्या सातबाऱ्याचा फोटो नाही, गटातल्या कोणत्या बाईवर किती कर्ज आहे ते नाही. म्हणूनच वहीत नावाऐवजी नंबर लिहायला सांगितलं होतं, कोणत्या नंबरचं वावर कोणाचं ते दुसऱ्या वहीत, घरी. चॅटजीपीटीसारख्या काहींच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमचं बोलणं एआयच्या ट्रेनिंगला वापरायची परवानगी बंद करता येते, येत असेल तं करून टाका.

आणि दर गोष्टीला एआय लागत नाही. विजांचा इशारा पाहिजे तं दामिनी ॲप टाका, पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे, आपल्याकडे जूनमध्ये वीज पडून माणसं-ढोरं जातात त्यासाठी ते कितीतरी कामाचं. विहिरीच्या बारा आकड्यांची सरासरी तं कॅल्क्युलेटरवरही निघते. रोज सकाळी गुड मॉर्निंगचे फोटो एआयने बनवून पाठवणाऱ्यांना माझं एकच सांगणं, ते सगळं चालवायला वीज लागते आणि वीज कशी तयार होते हे आपल्याला शिकवायची गरज नाही, २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र चंद्रपुरात उभं आहे, तिथल्या कोण्या पाहुण्याला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरच्या राखेचं विचारा.

सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावायचे असतात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलं असेल तं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. ल्युर आणून फ्रीजमध्ये ठेवा, नाही तं वास उडते. दोनशे पानी वही घ्या, रकाने आताच आखून ठेवा, आणि पेन बॉलपेनच घ्या, जेलपेनची शाई दवात पसरते.